स्नायू कापला की नाही, कुणी सांगेना

माझ्या उजव्या खांद्याचा सांधा बदलला त्याला आता सात महिने झाले. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी हात वर करून दाखवायला सांगते. मी दाखवते. मग ती म्हणते, "चला, देवाने चांगलं केलं." मीही मान डोलावते आणि चहा ठेवायला उठते. पण मनातली चीड काही गेलेली नाही, आणि ती दुखण्याची चीड नाही. दुखणं सोसता येतं. आपल्याच शरीराच्या आत काय केलं, हे दारोदार विचारत फिरायचं आणि प्रत्येकाने "मस्त झालंय" म्हणून वाटेला लावायचं, हे मला सोसलं नाही.

माझं नाव सुमन. वय त्रेसष्ट. माहेर-सासर दोन्ही अमळनेरकडचं. लग्नानंतर माझे मिस्टर सुरतेत कापडाचे लूम चालवायला आले, त्यांच्यामागे मी आले. आम्ही डिंडोलीत राहतो. मुलगा प्रशांत हजीऱ्याला कारखान्यात शिफ्टमध्ये असतो. सून सोनल घरीच साड्यांना लेस लावते. मी खापरावरचे मांडे करते. आमच्या भागात सगळं खान्देश भरलेलं आहे, त्यामुळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नाला, बारशाला माझ्याकडे मांड्यांची मागणी असायची. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पुरण भरलेली पोळी लाटून झाली की ती दोन्ही हातांवर घ्यायची, कोपरापर्यंत खेळवत खेळवत मोठी करायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद पसरायची. सगळं काम खांद्याचं. तीस वर्षं केलं.

खांदा जाम आहे, म्हणाले

दुखायला लागलं त्याला सहा वर्षं झाली असतील. आधी रात्री कुशीवर झोपता येईना. मग वेणी घालताना हात कानाच्या वर जाईना. मग ब्लाउजचा हुक लावता येईना. गल्लीतल्या डॉक्टरांनी हात थोडा वर करून पाहिला आणि म्हणाले, "खांदा जाम झालाय. या वयात होतो. आपोआप सुटेल."

मी वाट पाहिली. शेक घेतला, गोळ्या घेतल्या, ज्याने जे तेल सांगितलं ते चोळलं. एका माणसाने हात असा ओढला की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि वर तोच म्हणाला, "आता मोकळा झाला बघा." दोन वेळा खांद्यात इंजेक्शन घेतलं. पहिल्याने दोन महिने बरं वाटलं, दुसऱ्याने दोन आठवडेही नाही. हात फिरवला की आतून जात्यात खडा सापडावा तसा आवाज यायचा. मी तो आवाज सांगायचे, डॉक्टर मान हलवायचे आणि गोळी बदलायचे.

या सहा वर्षांत एकानेही एक्स-रे काढायला सांगितलं नाही. पायाचं बोट जरा ठेचलं तरी लोक एक्स-रे काढतात. मी एवढी वर्षं "आवाज येतो, आवाज येतो" म्हणत होते, आणि समोरच्या माणसाच्या मते मी वय झालेली, कुरकुर करणारी बाई होते. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, याचा राग अजून जास्त येतो.

एक दिवस हातावरचा मांडा तसाच खाली गळून पडला. हात मधेच सुटला, काही कळायच्या आत. दारात घ्यायला आलेली माणसं उभी होती. सोनलने शिल्लक होते तेवढे डब्यात भरले, त्यांची माफी मागितली आणि त्याच संध्याकाळी प्रशांतला सांगितलं, "आईंना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन चला. मी आता ऐकणार नाही."

निदानाचा दिवस

मोठ्या दवाखान्यात आधी एक्स-रे झाला, मग डॉक्टर. पंचेचाळिशीचे असतील. कॉम्प्युटरवर फोटो लावला आणि ते प्रशांतशी गुजरातीत बोलायला लागले. खांद्याची गोटी घासून गेली होती. तिच्यावरचं गुळगुळीत अस्तर संपलेलं, कडेने हाडाची टोकं वाढलेली, हाडावर हाड घासत होतं. गोळ्यांचं, शेकाचं काम केव्हाच संपलं होतं. सांधा बदलणं हाच उपाय.

मी शेजारच्या खुर्चीत होते. हाड माझं होतं. डॉक्टर मात्र प्रशांतला विचारत होते, "मासीने हवे शुं काम करवानुं होय?" म्हणजे, मावशींना आता असं काय काम करायचं असतं? फार काम नसेल तर गोळ्यांवर दिवस काढता येतील का, असा त्यांचा हिशेब होता.

प्रशांत म्हणाला, "खास काही नाही, घरातलंच."

घरातलंच! मी म्हणाले, "साहेब, मने पूछो ने. आडत्रीस वरसथी सुरतमां छुं." मला विचारा ना, अडतीस वर्षं सुरतेत आहे मी.

डॉक्टर हसले. खुर्ची माझ्याकडे वळवली. हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं, की त्या दिवसानंतर ते माझ्याशीच बोलले. मी हात वर का हवा ते सांगितलं, मांडे कसे करतात ते बसल्या जागी हातवारे करून दाखवलं. तेवढ्यानेही दुखलं.

मग त्यांनी फाइलच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. खांद्याच्या गोटीपुढे एक रुंद स्नायू असतो. हात आत वळवायचा, पोटाशी दाबून धरायचा, पाठीमागे न्यायचा, ही त्याची कामं. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये हा स्नायू हाडापासून कापून बाजूला करतात, जुनी गोटी काढून नवी बसवतात आणि स्नायू परत शिवतात. शिवलेलं जुळेपर्यंत सहा आठवडे पट्टा. हाताने जोर द्यायचा नाही, बसल्या जागेवरून हाताच्या टेकूने उठायचं नाही, हात बाहेर वळवायचा नाही. आणि एवढं सांभाळूनही कधी कधी शिवण सुटते. मग हात कायमचा कमजोर राहतो.

दुसरी पद्धत होती, ते नुकतेच ती करायला लागले होते. हा स्नायू कापायचाच नाही. त्याच्या वरच्या बाजूला दोन स्नायूंमध्ये एक फट असते, तिच्यातून आत शिरायचं आणि तिथूनच सगळं काम करायचं. स्नायू शाबूत राहिला तर जुळायची वाट पाहावी लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून हात हलवायचा, पट्टा फक्त आरामापुरता.

"पण यात जागा कमी मिळते," ते म्हणाले. "काम अवघड होतं. सगळ्यांना जमत नाही. तुमची हाडाची टोकं मोठी आहेत." आणि मग हिंदीत, "वादा नहीं करता, मासी. अंदर जाके देखूंगा. नहीं हुआ तो काटना पड़ेगा."

मला हे आवडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं काय ते सांगत होतं. मी म्हणाले, "कापा नाहीतर ठेवा. पण शुद्धीवर आले की पहिलं मला हे सांगा."

"पक्का," डॉक्टर म्हणाले.

मस्त

ऑपरेशनच्या सकाळी प्रशांतला सुटी मिळाली नाही. कारखान्यात मोठं देखभालीचं काम निघालं होतं. सोनल मुलीला शाळेतून आणून दुपारी येणार होती. म्हणून मला आत नेलं तेव्हा बाहेर फक्त माझे मिस्टर होते.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना फार कमी ऐकू येतं. डाव्या कानाने जवळजवळ नाहीच, उजव्याने मोठ्याने बोललं तर. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, ते कपाटात पडून होतं. कान भणाणतात म्हणतात. दाखल होताना मी नर्सला स्पष्ट सांगितलं होतं, "यांना ऐकू येत नाही, काही असलं तर मुलाला फोन करा." तिने हो म्हटलं. कुठे लिहिलं का, देव जाणे.

मानेजवळ सुई टोचली, खांदा जड झाला, मग मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा हात नव्हताच. म्हणजे होता, पट्ट्यात बांधून छातीशी ठेवलेला होता, पण माझा नव्हता. डाव्या हाताने मी उजवी बोटं चाचपली तर दुसऱ्या कुणाची तरी बोटं हातात धरल्यासारखी वाटली. मी घाबरले. नर्स म्हणाली, सुईचा असर आहे, उद्यापर्यंत जाईल.

मी विचारलं, "स्नायू कापला का?"

"ऑपरेशन मस्त झालं, मासी."

"ते झालं. पण कापला का?"

"सर सांगतील."

सर आले नाहीत. संध्याकाळी राउंडला दुसरे तरुण डॉक्टर आले. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी आत नव्हतो मासी, पण मस्त झालंय." दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की सर पहाटेच्या विमानाने परदेशी भावाकडे गेले, आता तीन आठवड्यांहून जास्त दिवसांनी येतील.

मी मिस्टरांना खुणेने, मग कानाशी ओरडून विचारलं, "साहेब काही बोलले का?"

ते म्हणाले, "हां. चांगलं व्हयनं सांगं." चांगलं झालं म्हणाले.

"आणि स्नायूचं?"

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं तर ते चहा आणायला निघून गेले.

नर्सला बोलवायची घंटा माझ्या खाटेच्या उजव्या बाजूला टांगलेली होती. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला उजवीकडे घंटा. मी दोनदा सांगितलं, दोनदा "हां मासी" झालं, घंटा तिथेच राहिली. शेजारच्या खाटेवर बारडोलीच्या एक बेन होत्या, पाय मोडलेल्या, आवाज खणखणीत. मला काही हवं असलं की त्याच तिथून हाक मारायच्या, "अरे बेन, आ मासीने जुओ ने!" अहो, या मावशींकडे बघा ना! त्यांचा पाय वर टांगलेला आणि आवाज जिन्यापर्यंत जायचा. मला त्यांचं नावही आता आठवत नाही, पण त्या तीन दिवसांत माझ्या बाजूने ओरडणारं माणूस तेवढं एकच होतं.

घरी सोडताना छापील कागद मिळाला. त्यावर लिहिलेलं होतं, सहा आठवडे पट्टा, हात हलवू नये. मी प्रशांतला म्हणाले, "म्हणजे कापला असणार."

त्याने कागद उलटसुलट वाचला. सांधा बदलला एवढंच त्यात होतं. स्नायूबद्दल एक शब्द नाही. त्याने रिसेप्शनवर विचारलं. उत्तर आलं, "पेपर पे जो लिखा है वही करना है."

घरी

ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत.

आडवं झोपता येत नव्हतं. सोनलने लेस लावायला आलेल्या साड्यांची गाठोडी रचून, त्यावर गोधड्या टाकून टेकायला उतार करून दिला. मी अर्धवट बसून झोपायचे. तिने माझे दोन ब्लाउज खांद्यापासून उसवून चाप बटणं लावली, म्हणजे हात न उचलता अंगात घालता येतील. हे तिने मला न विचारता केलं. मी तिला तेव्हा चांगलंसुद्धा म्हटलं नाही. माझं तोंड त्या दिवसांत फार कडू झालं होतं.

मी आंघोळीला तिच्यावर अवलंबून, वेणीला तिच्यावर, शौचानंतर डाव्या हाताने जमेना तर तिच्यावर. ज्या बाईने कधी सुनेला पाण्याचा तांब्या मागितला नाही, तिला हे सगळं मागायचं. मागताना माझा आवाज चढायचा. तिच्या लेसच्या पट्ट्या तशाच पडून राहायच्या. एकदा पाणी जास्त गरम म्हणून मी ओरडले, तर ती बादली ठेवून बाहेर गेली. थोड्या वेळाने परत आली. डोळे पुसलेले होते.

"आई, मी पण माणूस आहे," एवढंच म्हणाली आणि पाणी घालायला लागली.

माझा राग तिच्यावर नव्हता. पण ज्यांच्यावर होता ते कुणी समोर येत नव्हते.

बाराव्या दिवशी टाके काढायला गेलो. तेच तरुण डॉक्टर होते. मी पुन्हा विचारलं, "साहेब, एवढं सांगा. स्नायू कापून शिवला आहे की तसाच ठेवला आहे?"

"मासी, वो सब सर देखेंगे. आप पट्टा मत खोलना."

परत येताना रिक्षात प्रशांत चिडला. "माय, तू एवढं डोकं का खातेस? ऑपरेशन चांगलं झालं ना? सहा आठवडे निघून जातील."

मी म्हणाले, "तुझ्या मशीनला कुणी काय पार्ट घातला ते न सांगता चालवशील का तू?"

घरी आल्यावर त्याने दवाखान्यात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कुणीतरी "सर बाहर हैं" म्हणालं.

मी कागदाप्रमाणे वागले. इतकी की कोपरसुद्धा भीतभीत हलवायचे. मनात एकच चित्र, आत शिवण आहे आणि ती माझ्या एका चुकीने उसवणार. शिंक आली तरी मी डाव्या हाताने उजवा दंड धरायचे.

चौथा आठवडा

सर परत आले. चौथा आठवडा संपत होता. मी, प्रशांत आणि मिस्टर तिघेही गेलो. मी आत येतायेताच डॉक्टरांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "मासी, अभी तक पट्टा? क्यों?"

मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला. मग आपली फाइल उघडली, आत हाताने लिहिलेलं पान काढलं, आणि म्हणाले की स्नायू कापलेलाच नाही. वाढलेली टोकं आधी काढून फटीतूनच सगळं झालं होतं. पूर्ण स्नायू वाचला होता. दुसऱ्या दिवसापासून हात चालवायचा होता.

"हा कागद जुन्या ऑपरेशनचा आहे," ते म्हणाले. "सगळ्यांना तोच छापून देतात. पण मी तर त्याच दिवशी बाहेर येऊन सगळं सांगितलं होतं. अंकल को बताया था. सब समझाया था."

आम्ही सगळे मिस्टरांकडे पाहायला लागलो. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

"यांना ऐकू येत नाही, साहेब," मी म्हणाले. "दाखल होताना मी सांगितलं होतं."

"पण ते तर हां, हां करत होते..."

मग डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि माझा हात हळूच बाजूला नेला. चार बोटं गेला असेल. पुढे सरकेना. मी ओरडले. चार आठवडे बांधून ठेवलेला सांधा आकसून बसला होता.

मला रडू आलं नाही. एखादा माणूस समोर असता तर मी त्याला धरलं असतं. पण धरायचं कुणाला? एवढं अवघड काम करून स्नायू वाचवला त्या डॉक्टरांना? छापील कागद देणाऱ्या मुलीला? नवऱ्याला? स्नायू वाचवला आणि तो वाचलाय हे सांगायचं राहिलं, म्हणून तोही बांधून ठेवला. मग वाचवला कशाला?

डॉक्टर म्हणाले, "गलती हमारी है, मासी." हे त्यांनी म्हटलं, हेही लिहून ठेवते. पण त्या क्षणी त्याचा मला काही उपयोग नव्हता.

मिस्टर

घरी आल्यावर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सोनल बाहेर गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"साहेब बोलना," ते म्हणाले. "माले ऐकू उनं नही." साहेब बोलले, पण मला ऐकू आलं नाही.

मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. "मंग इचारं का नही?" मग विचारलं का नाही?

"चार लोक उभा व्हतात. लाज वाटनी."

चार लोक उभे होते, लाज वाटली. चाळीस वर्षं दुसऱ्याचे लूम चालवून कान गेले, आणि लाज यांना वाटली. मला त्यांचा राग होता, तो काही एकदम गेला नाही. खोटं कशाला लिहू? आठ-दहा दिवस मी त्यांना घुश्शातच वाढलं. पण त्या दुपारी ते उठले, कपाटातलं मशीन काढलं आणि सोनल आल्यावर तिला म्हणाले, याचे सेल संपले आहेत, नवीन आण. आता दवाखान्यात जाताना ते लावतात. कान भणाणतात म्हणून तोंड वाकडं करतात, पण लावतात.

हेतलबेन

व्यायाम शिकवायला हेतलबेन होत्या. तिशीच्या, कडक, आणि माझ्याशी खोटं बोलत नव्हत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मासी, वेळ गेलाय तो गेला. दुखेल. रोज करावं लागेल."

वाकून हात लोंबता सोडायचा आणि गोल गोल फिरवायचा. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, जिथे थांबेल तिथे पेन्सिलीची खूण करायची. दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुसऱ्याला ढकलायचं. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खुणा केल्या. कधी आठवडाभर खूण एक बोटही वर सरकायची नाही. मग मी त्या भिंतीवर हात आपटायचे, डावा. नात बघायची आणि म्हणायची, "आजी, आज नही तो काल जशे." आज नाही तर उद्या जाईल, असं तिच्या शाळेच्या गुजरातीत.

एक चांगली गोष्ट होती. स्नायू शाबूत असल्यामुळे जोर होता. हेतलबेन हात धरून म्हणायच्या, "आता मला आत ढकला," आणि मी ढकललं की त्यांना मागे सरकावं लागायचं. त्या म्हणायच्या, ज्यांचा कापून शिवलेला असतो त्यांना एवढ्या लवकर मी हे करूच देत नाही. माझा जोर होता, वाट बंद होती. ती वाट रोज थोडी थोडी दुखवून उघडायची होती. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी मी स्वतःच्या केसांतून कंगवा फिरवला. सोनल दारात उभी होती. मी म्हणाले, "तुझा एक त्रास कमी झाला." ती म्हणाली, "एकच?" आणि आम्ही दोघी हसलो. त्याच दिवशी मी तिला ब्लाउजबद्दल चांगलं म्हटलं. उशिरा म्हटलं, पण म्हटलं.

ज्यांना हे ऑपरेशन करायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. ही पद्धत चांगली आहे, सगळ्यांना जमत नाही, ठरवणारे डॉक्टर. पण शुद्धीवर आलात की विचारा, कापला की ठेवला. उत्तर मिळाल्याशिवाय घरी जाऊ नका. ते कागदावर लिहून घ्या. आणि डॉक्टर बाहेर येऊन कुणाशी बोलतील ते आधी ठरवा, ज्याला ऐकू येतं आणि ज्याला विचारायची लाज वाटत नाही अशा माणसाशी.

व्हिडिओ

तिसऱ्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा हात कानाच्या वर जात होता. पाठीमागे कमरेपर्यंत जात होता. डॉक्टर फार खूश झाले. त्यांना बाहेरगावच्या डॉक्टरांपुढे या पद्धतीबद्दल बोलायचं होतं. ते म्हणाले, "मासी, एक व्हिडिओ लेता हूं. आपका चेहरा नहीं दिखाऊंगा."

मी म्हणाले, "चेहरा दाखवा. मी काही चोरी केली नाही."

त्यांनी मोबाइल धरला. मी हात समोरून वर नेला, बाजूने वर नेला, डोक्यामागे नेला, पाठीमागे नेला. ते इंग्रजीत काहीतरी सांगत होते. मला त्यातलं स्नायू वाचवला एवढं कळलं. शेवटी त्यांनी कॅमेरा माझ्या तोंडाकडे केला आणि विचारलं, "मासी, खुश हो?"

मी म्हणाले, "हाथ से खुश हूं, साहेब. लेकिन चार हफ्ते मेरा ठीक किया हुआ हाथ बंधा रहा, क्योंकि किसी ने मुझे बताया नहीं. मैंने सबको पूछा था. सबने बोला, अच्छा हुआ है. आप लोग ये भी दिखाना."

मोबाइल तसाच धरलेला होता. मागे खुर्चीत बसलेले मिस्टर, कानात मशीन लावलेले, माझ्याकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "ठीक कहा आपने." मग त्यांनी मोबाइल बंद केला, खिशात ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तो व्हिडिओ त्यांनी कुठे कुठे दाखवला असेल. पाहणाऱ्यांना माझा हात वर जाताना दिसला असेल. शेवटचं माझं बोलणं त्यात ठेवलं की कापून टाकलं, ते मला कळायला मार्ग नाही. म्हणून इथे लिहून ठेवलं.